न बिघडलेल्याची निगा

कंधारच्या भुईकोट किल्ल्याभोवती खंदक आहे. त्याला पाहून परत फिरलेल्या शत्रूंची नोंद कोण ठेवणार? टळलेले संकट दिसत नाही. म्हणून ते टाळण्यासाठी केलेला खर्च नेहमी वायफळ वाटतो. जे अजून बिघडलेले नाही, त्याच्यासाठी आज झीज का सोसावी? जुनी मोटार बाळगणाऱ्याला हा प्रश्न दरवर्षी पडतो.

गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार घ्या. 1998 साली आलेल्या या गाडीत रेनो कंपनीचे 1149 सीसीचे इंजिन आहे. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. अंग फायबरग्लासचे असल्याने त्याला गंज चढत नाही. बाहेरून ती तरुणच दिसते. हौशी मालक तिला झाकून ठेवतो आणि न चालवल्याने ती टिकेल असे समजतो. पण टायमिंग बेल्टचे रबर किलोमीटरच नव्हे, वर्षेही मोजते. कूलंटमधील गंजरोधक गुण कालांतराने संपतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. जवळच्या जवळ फेऱ्या मारल्या तर इंजिन पुरते तापत नाही आणि तेलात ओल साचत जाते. आमच्या मराठवाड्यात तर उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि शेतरस्त्यांची धूळ एअर फिल्टर लवकर भरून टाकते. बेल्ट तुटला, तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. काही शेकड्यांची चालढकल मग हजारोंच्या घरात जाते.

तर मग सारेच मुदतीआधी बदलावे काय? येथे गॅरेजमधला जुना मिस्त्री हटकतो, “साहेब, चालत्या इंजिनाला हात लावू नका.” हे आळसाचे तत्त्वज्ञान नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडच्या विमानांचा अभ्यास करताना कॉनराड वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाला आढळले, की ठरावीक तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढतात. पुढे 1978 साली नोलन आणि हीप यांनी प्रवासी विमानांविषयी अहवाल लिहिला. त्यात अभ्यासलेल्या भागांपैकी 89 टक्के भागांना वयाची मुदत घालून काही लाभ नव्हता. काळजी आणि ढवळाढवळ यांतील हे अंतर (आईबापांनाही ते नेहमी साधत नाही!) ओळखणे हाच खरा नैतिक प्रश्न आहे. रबर, तेल, द्रव मुदतीने बदलावेत. शांतपणे चालणारे इंजिन केवळ समाधानासाठी उघडू नये.

थॉमस अक्वायनसने विवेकाच्या अंगांत स्मृती आणि दूरदृष्टी या दोहोंची गणना केली आहे. मोटारीच्या बाबतीत ही दोन्ही अंगे एका साध्या वहीत मावतात: तारीख, किलोमीटर, काय बदलले, काय पाहिले.

खर्चाचा क्रम मात्र हौसेवर सोडता येणार नाही. स्वतःच्या इंजिनाचा जुगार मालकाने खुशाल खेळावा. ब्रेकचा खेळण्याचा त्याला अधिकार नाही, कारण तेथे पणाला लागतो तो रस्त्यावरून शाळेत चाललेला दुसऱ्याचा मुलगा. पैसे अपुरे असतील तर आधी ब्रेक, मग बेल्ट आणि तेल. रंगाची चकाकी सर्वांत शेवटी. सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक ओढून तेल पाहावे, गाडीखाली ठिपका पडला आहे का ते वाकून बघावे. आणि गाडी विकायची झालीच, तर ती वही किल्लीबरोबर द्यावी, न केलेल्या कामांच्या रिकाम्या रकान्यांसकट.