जड स्टिअरिंग आणि शेषवत् अनुमान

कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला न्यायदर्शनात ‘शेषवत्’ म्हणतात. गौतमाच्या न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने त्याचे उदाहरण नदीच्या पुराचे दिले आहे, कारण दुथडी भरून वाहणारी नदी पाहिली की वरच्या अंगाला पाऊस झाला असावा असे माणूस पाऊस न पाहताच ठरवतो. वाहनदुरुस्तीचा सारा व्यवहार याच जातीच्या अनुमानावर चालतो. पिकअपचे स्टिअरिंग जड झाले हे कार्य चालकाच्या दंडाला कळते. कारण मात्र बॉनेटखाली, स्टिअरिंगच्या पेटीत किंवा पुढच्या चाकांच्या सांध्यांत दडलेले असते आणि ते कोणालाही थेट दिसत नाही. असे असता त्या कारणाचे ज्ञान झाले असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न गॅरेजइतकाच प्रमाणशास्त्राचाही, म्हणजे ज्ञानाच्या साधनांचा विचार करणाऱ्या शास्त्राचाही आहे.

शंका न्यायसूत्रांतच नोंदलेली आहे. पाणी पुढे कोठे अडले तरी नदी फुगते. मग फुगलेली नदी हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, पावसावाचूनही आढळतो आणि ‘सव्यभिचार’ ठरतो, म्हणजेच साध्याशी एकनिष्ठ राहत नाही. जड स्टिअरिंगची गत अशीच आहे. पुढच्या टायरांत हवा कमी असणे, पॉवर स्टिअरिंगचे ऑइल उतरणे, पंपाचा बेल्ट सैल होणे, पंपच झिजणे, बॉल जॉइंट ग्रीसअभावी आवळणे, कॉलमखालचा क्रॉस पावसाळ्यात गंजणे, पेटीतला वॉल्व्ह अडकणे, यांपैकी कशानेही तेच एक कार्य घडू शकते. म्हणून ‘स्टिअरिंग जड आहे, त्या अर्थी पंप गेला’ असे सांगणारा मिस्त्री तर्कशास्त्राच्या भाषेत हेत्वाभास करतो, मग पंप खरोखरच गेलेला का असेना.

सूत्रकारांचे उत्तर असे की दोष अनुमानाचा नसून अनुमान करणाऱ्याच्या पाहण्याचा आहे. वात्स्यायन ते उलगडून सांगतो: नुसते वाढलेले पाणी हा हेतूच नव्हे; प्रवाहाचा वाढलेला वेग, पुष्कळ फेस, वाहून येणारी फळे, पाने आणि लाकडे यांसह आलेला पूर हा हेतू आहे, आणि बांधाने अडलेल्या पाण्यात ही लक्षणे नसतात. हाच विचार तृण, अरणी आणि मणी यांच्या चर्चेत पुढे गेला. गवतापासून, घासलेल्या लाकडापासून आणि सूर्यकांत मण्यापासून तिन्ही प्रकारे अग्नी उत्पन्न होत असेल, तर कारण निश्चित कसे करायचे, या प्रश्नावर नैयायिकांनी त्या तीन अग्नींतच जातिभेद मानला, म्हणजे कारण निराळे तेथे कार्यही सूक्ष्म पातळीवर निराळे. अग्नीबाबत हे म्हणणे ओढूनताणून वाटते. स्टिअरिंगबाबत मात्र ते तंतोतंत लागू पडते, कारण ‘जड’ हा एक शब्द अनेक जडपणांवर पांघरूण घालतो.

गाडी उभी असताना जड आणि रेस दिल्यावर हलके होणारे स्टिअरिंग ऑइलच्या दाबाकडे बोट दाखवते. त्यातच पूर्ण वळवताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर पंपाआधी बेल्ट पाहावा लागतो. एकाच बाजूला जड असेल, तर संशय पंपावरून पेटीतल्या वॉल्व्हकडे सरकतो. ऑइलच्या डब्यात फेस दिसला, तर पंपाकडे ऑइल नेणाऱ्या पाइपातून हवा शिरत असण्याचा संभव असतो. (वात्स्यायनाच्या नदीप्रमाणे येथेही फेसच साक्षीला यावा, हा योगायोग मोठा सुखद आहे.) याउपर उरलेल्या शक्यतांसाठी ‘परिशेष’, म्हणजे संभाव्य कारणे एकेक करून वगळत उरलेल्यावर येण्याची रीत, उपयोगी पडते. टायरांतली हवा तपासून झाल्यावर, इंजिन बंद ठेवून पुढची दोन्ही चाके जॅकवर घेऊन खाली भक्कम घोडे लावले आणि तरीही स्टिअरिंग अडखळतच फिरले, तर टायर आणि पंप मागे पडतात व अडचण सांध्यांत, पेटीत किंवा कॉलममध्ये उरते. मग पेटीच्या ड्रॉप आर्मपासून चाकांकडे जाणारी जोडणी सोडवायची: स्टिअरिंग मोकळे झाले तर दोष चाकांकडच्या सांध्यांत, तसेच राहिले तर पेटीत किंवा कॉलममध्ये. एक अंग काढून घेतल्यावर कार्य राहते की जाते हे पाहणे यालाच शास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात.

अवघड मुद्दा दुरुस्तीनंतर येतो. ज्ञान खरे होते की नाही हे नैयायिकांच्या मते सफल प्रवृत्तीवरून, म्हणजे त्या ज्ञानानुसार केलेली कृती फळली यावरून कळते. परंतु बेल्ट, पंप आणि ऑइल एकदम बदलून स्टिअरिंग हलके झाले, तर कृती फळली तरी कारण अज्ञातच राहिले. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने अशा प्रसंगाचे मार्मिक उदाहरण दिले आहे: मण्याची प्रभा पाहून तिलाच मणी समजून धावणाऱ्याला मणी मिळतो, तरी त्याचे ज्ञान भ्रांतच असते. धर्मकीर्तीला त्यातून भ्रांत असूनही फलदायी ठरणाऱ्या अनुमानाचे समर्थन करायचे होते, आणि गिऱ्हाईकाच्या दृष्टीने ते समर्थन पुरेसेही आहे. गाडी वळली, माल वेळेवर बाजारात पोचला. न्यायाच्या कसोटीला मात्र ते पुरत नाही, कारण भाग एकेक करून बदलला आणि प्रत्येक बदलानंतर स्टिअरिंग फिरवून पाहिले, तरच सफलता कोणत्या ज्ञानाची हे ठरते. तीन भाग एकदम बदलणाऱ्या मिस्त्रीने गाडी दुरुस्त केली असे म्हणता येते, दोष ओळखला असे म्हणता येत नाही.