पित्याला दिलेली भेट कोणाची?

मागील महिन्यात मगरिबच्या नमाजनंतर आमच्या मशिदीतील एक तरुण माझ्यापाशी येऊन बसला. त्याचे वडील सत्तर वर्षांचे होत आहेत. तिघा भावंडांनी मिळून काही रक्कम जमविली आहे. परंतु घ्यावे काय, यावर त्यांचे एकमत होत नव्हते. थोरल्याच्या मनात सोन्याची अंगठी, बहिणीच्या मनात आरामखुर्ची, आणि याच्या मनात मोठ्या पडद्याचा मोबाईल. "मौलाना, तुम्हीच सांगा, अब्बांना काय द्यावे?"

अंगठीचा प्रश्न मी तेथेच मिटविला. सोने आणि रेशीम पुरुषांसाठी निषिद्ध आहे, मग तो पुरुष कितीही वयोवृद्ध असो आणि देणाऱ्याची भावना कितीही निर्मळ असो. चांदीची अंगठी चालते, प्रेषित मुहम्मद (स.) यांची मुद्रेची अंगठी चांदीचीच होती. मात्र उरलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. त्याचे कारण माझ्याच घरात दडलेले आहे. ते सांगावे की न सांगावे, या विचारात काही दिवस गेले. आता, प्रिय वाचकहो, तुमच्यापुढे ते मांडतो.

प्रथम वाढदिवसाविषयी थोडेसे. मेणबत्त्या विझविणे आणि केक कापणे ही आपली परंपरा नव्हे, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. शिवाय आपल्या वडीलधाऱ्यांचे वाढदिवस बहुधा शाळेने दिलेले असतात. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर 1 जून ही तारीख आहे. त्यांच्या पिढीतील निम्म्या गावाची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सर्वांना तीच लिहून टाकली. दादी सांगत असे की त्या वर्षी बकरी ईद आणि नारळी पौर्णिमा एकाच आठवड्यात आल्या होत्या आणि खाडीला उधाण होते. म्हणजे जून नव्हेच. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्यामुळे ज्याला आपण सत्तर वर्षांचा म्हणतो, त्याने चंद्राच्या हिशेबाने बहात्तर वर्षे केव्हाच पूर्ण केलेली असतात. माझ्या उम्मतीचे आयुष्य बहुधा साठ आणि सत्तर यांच्या दरम्यान असेल, अशा आशयाचे प्रेषितवचन तिर्मिजीमध्ये आहे. तेव्हा ज्या दिवशी आपण अभिनंदन करतो, त्या दिवशी तो वृद्ध मनुष्य मनात कोणता हिशेब करीत असेल, याची कल्पना करावी. तरीही पित्याला भेट देण्यास कोणताही दिवस वर्ज्य नाही. एकमेकांना भेटी द्या, त्यातून प्रेम वाढेल, ही शिकवण सर्वश्रुत आहे. दिवसाविषयी एवढे पुरे.

सूरह बकराच्या 215 व्या आयतीत एक प्रश्न नोंदविला आहे. लोक प्रेषितांना विचारतात की आम्ही काय खर्च करावे? उत्तर मात्र 'काय' याचे मिळत नाही. जे काही चांगले असेल ते, एवढेच सांगून बोलणे 'कोणावर' याकडे वळते, आणि त्या यादीत पहिले नाव आईवडिलांचे येते. भाष्यकारांनी या वळणाकडे लक्ष वेधले आहे. प्रश्न वस्तूचा होता, उत्तर माणसाचे आले. मदरशात ही आयत मी पाठ केली, तिच्यावरील तफसीर वाचली, परीक्षेत तिच्यावर लिहिलेही. पण तिचा अर्थ मला एका शालीने शिकविला.

माझे वडील कोकणातील. मंडणगड तालुक्यातील आमच्या गावातून 1976 साली ते कुवेतला गेले. आमच्या भागातील त्या पिढीच्या घराघरांतून कोणी ना कोणी आखातात होते, हे कोकणी वाचक जाणतात. दर दोन वर्षांनी ते येत, तेव्हा दोरखंडाने बांधलेल्या, वर रंगाने नाव लिहिलेल्या खोक्यातून साऱ्या वाडीसाठी काही ना काही निघे: ब्लँकेट, कापडाचे तागे, टॉर्च, विक्सच्या डब्या, टू-इन-वन. माझ्या जन्मानंतर ते थोडे दिवसच तेथे राहिले. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतले, आणि सारी कमाई मागे टाकून ते इराकमार्गे जॉर्डनला आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला परतले. लाखाहून अधिक भारतीय त्या वर्षी असेच परतले. पुढे ते कतारला गेले, पुन्हा खोकी आली. सांगायचे ते असे की या माणसाने आयुष्यभर दिले. त्यांच्या हातात कोणी काही ठेवले आहे, असे दृश्य मला आठवत नाही.

2023 साली दाखल्याप्रमाणे ते सत्तर वर्षांचे झाले. इमामाचे मानधन किती असते हे मी सांगत नाही. त्यातून पाच महिने बाजूला काढून मी त्यांच्यासाठी एक काश्मिरी शाल घेतली. तिच्यात रेशीम मिसळलेले नाही, याची विक्रेत्याकडून दोनदा खात्री करून घेतली. पावसाळ्याच्या तोंडावर गावी गेलो आणि पहाटे फजरला जाताना खांद्यावर घ्या, म्हणून ती त्यांना दिली. त्यांनी हात फिरवून पाहिला, दुआ दिली.

बकरी ईदला पुन्हा गेलो तेव्हा ती शाल घरात नव्हती. विचारता सहज म्हणाले, "श्रीवर्धनकडे माझा एक दोस्त आहे, त्याला दिली. त्याला थंडी फार वाजते."

मी काही बोललो नाही. वाचकहो, हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. उलट, दोष तेथेच आहे. मी बोललो नाही, पण माझ्या भुवया वर गेल्या आणि मी दुसरीकडे पाहू लागलो. त्यांनी ते पाहिले. रात्री जेवताना ते दोनदा म्हणाले, "शाल छान होती हां." अपराध्यासारखे. सत्तर वर्षांचा बाप आपल्या पोरापुढे.

सूरह बनी इस्राईलच्या 23 व्या आयतीत आईवडील वृद्ध झाले असता त्यांना 'उफ' देखील म्हणू नये, असा आदेश आहे. फुकहांनी यावरून सांगितले आहे की जेथे 'उफ' वर्ज्य, तेथे त्याहून अधिक दुखावणारी प्रत्येक गोष्ट आपोआप वर्ज्य ठरते. या विषयावर मी कितीतरी जुमांना बोललो आहे. पण भुवईलाही 'उफ' म्हणता येते, हे मी कधी सांगितले नव्हते. त्याच आयतीत आणखी एक बारीक शब्द आहे: वृद्ध होऊन 'तुझ्यापाशी' असताना. म्हणजे एके काळी जो त्यांच्यापाशी होता, त्याच्यापाशी आता ते आहेत. सत्ता बदलली आहे, आणि ज्याच्या हाती सत्ता आली त्यालाच हा इशारा आहे.

आता प्रश्न असा की माझा राग कशाचा होता? भेट पूर्ण होण्यासाठी शरीअतने देणे, स्वीकारणे आणि ताबा मिळणे या गोष्टी सांगितल्या आहेत. ताबा मिळाला की वस्तू घेणाऱ्याची झाली. तो ती वापरील, विकील किंवा दुसऱ्याला देईल. (वडिलांच्या नावाने घेतलेला एसी मुलाच्या खोलीत बसवितात, ती भेट नव्हे, हे येथे सांगून टाकतो.) दिलेली भेट परत घेणाऱ्याला प्रेषितांनी फार कठोर उपमा दिली आहे, ती हदीस बुखारी आणि मुस्लिम दोहोंत आहे. अन्य एका हदीसमध्ये यातून पित्याला वगळले आहे, म्हणजे पुत्राला दिलेले पिता परत घेऊ शकतो. तपशिलात फुकहांचे मतभेद आहेत, पण पुत्राला अशी मुभा कोणीच दिलेली नाही. मी शाल परत मागितली नव्हती, हे खरे. परंतु तिच्यावरचा हक्क मनातून सोडलाही नव्हता. ती त्यांच्या खांद्यावर असावी, गावाने ती पाहावी, आणि ती पाहताना लोकांना माझी आठवण व्हावी, एवढे भाडे मला तिच्यापासून हवे होते.

याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. पाच महिन्यांच्या मानधनाने मला काहीतरी फेडल्यासारखे वाटत होते. मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की पिता गुलामीत सापडावा आणि पुत्राने त्याला विकत घेऊन मुक्त करावे, याखेरीज पुत्र पित्याचे ऋण फेडू शकत नाही. फेडता न येणाऱ्या ऋणाचा हप्ता भरल्याची पावती मी मागत होतो. आणि शालच का? आपल्याकडे निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ देतात. सत्कार संपतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कोणी काही विचारीत नाही. शाल, काठी, आरामखुर्ची या वस्तू वाईट नाहीत, गरज असेल तर अवश्य द्याव्यात. परंतु सत्तरी ओलांडणाऱ्याला त्या पुष्कळदा 'आता बसा' असेच सांगत असतात. माझ्या वडिलांनी ती शाल दुसऱ्याला दिली, आणि त्या एका दिवसापुरते ते पुन्हा खोके उघडणारे गृहस्थ झाले.

माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची एक घटना मुस्लिममध्ये आहे. मक्केच्या वाटेवर त्यांना एक बदू भेटला. त्यांनी त्याला आपले गाढव दिले आणि डोक्यावरचा फेटा काढून दिला. सोबती म्हणाले की हे बदू थोडक्यातही खूश होतात, मग इतके कशाला? तेव्हा त्यांनी सांगितले की याचा पिता माझ्या वडिलांचा मित्र होता, आणि पित्याच्या मित्रांशी नाते राखणे हा श्रेष्ठ सदाचार आहे, असे मी प्रेषितांकडून ऐकले आहे. ही हदीस आपण सहसा पित्याच्या मृत्यूनंतरच्या कर्तव्यांत सांगतो. पिता हयात असताना ती लागू होत नाही, असे कोठे म्हटले आहे?

त्या हिवाळ्यात मी वडिलांना म्हणालो, तुमच्या त्या दोस्ताकडे जाऊ या. वेसवीहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून आम्ही बागमांडल्याला उतरलो. वाटेत त्यांनी स्वतःच्या पैशांनी मिठाई घेतली. मी पाकिटाकडे हात नेला नाही. दोस्त अंथरुणावर होते, अंगावर ती शाल. दोघे म्हातारे जुन्या गोष्टी बोलू लागले तेव्हा मला प्रथमच कळले की जॉर्डनच्या सरहद्दीवरील तंबूंत त्या दोघांमध्ये एकच चादर होती. दिवसा ती सावलीसाठी ताणायची आणि रात्री पांघरायची. चादर दोस्ताची होती. तेहतीस वर्षे वडील त्या चादरीची परतफेड शोधत होते, आणि ती मी त्यांच्या हाती ठेवली होती, न कळत.

हे सारे मी त्या तरुणाला पुढच्या जुम्यानंतर सांगितले. म्हणालो, वस्तूचा विचार नंतर कर. आधी अब्बांचे मित्र कोण, ते विचार. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मौलाना, मला एकाचेही नाव ठाऊक नाही."

आठवड्याने तो तीन नावे घेऊन आला. त्यांतील दोघे आता या जगात नाहीत. तिसरे मुंब्र्यात चौथ्या मजल्यावर राहतात आणि इमारतीला लिफ्ट नाही. अब्बांचे गुडघे जिना चढू देत नाहीत, मित्राला उतरता येत नाही. खुर्चीत बसवून दोघा भावांनी उचलून नेले तर चालेल का, वडिलांना ते अपमानास्पद वाटेल का, असे तो मला विचारत होता. मी म्हणालो, हे मला नको विचारूस, त्यांना विचार.