दानयात्रा आणि पंगतीतले पान

सज्जनहो, दान द्यावे असे शास्त्र सांगते आणि यात्रा करावी असेही शास्त्रच सांगते. पण दान तर घरबसल्याही करता येते. मग त्यासाठी देह कशाला झिजवायचा, अशी शंका पुष्कळांच्या मनात येते. आजचे निरूपण या शंकेवर आहे. दृष्टांत परमुलखातला आहे. पण दिवा कोणाच्याही घरचा असला तरी उजेड सर्वांनाच पडतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचा प्रांत आहे. तेथे १९९४ साली काही माणसे सायकलींवर बसून सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला निघाली. अंतर सुमारे ५४५ मैल, म्हणजे ८७५ किलोमीटरांच्या आसपास, आणि मुक्काम सात दिवसांचा. शहर मागे पडले की मोकळा मुलूख लागतो. सांताक्रूझ सोडल्यावर सालिनासचे खोरे येते. तेथे स्ट्रॉबेरीची आणि भाजीपाल्याची शेते दूरवर पसरलेली, पुढे द्राक्षमळे, मग उघड्या बोडक्या टेकड्या आणि डोक्यावर ऊन. दिवसभर पायटे मारायचे आणि रात्री तंबूत पाठ टेकायची. मागेपुढे स्वयंसेवक असत. ते पाणी देत, सामान वाहत, मोडलेली सायकल दुरुस्त करीत. आपल्या दिंडीत पाण्याचा टँकर आणि तंबूची गाडी पुढे जाते ना, तसेच हे.

हे सारे कशासाठी? तर एड्सच्या रोग्यांसाठी. निघण्यापूर्वी प्रत्येक स्वाराने आपल्या ओळखीच्या माणसांकडून देणगी गोळा करायची. बरीच वर्षे प्रत्येकी किमान ३,००० डॉलर असा नेम होता. अशा रीतीने तीस वर्षांत ३० कोटी डॉलरांहून अधिक द्रव्य जमले आणि रोग्यांच्या औषधपाण्याला व सेवेला लागले.

येथे पूर्वपक्षी म्हणेल, “महाराज, पैसेच द्यायचे होते तर चेक फाडायचा. पायटे मारून रोग बरा होतो काय?” नाही होत. पण बाबांनो, त्या काळी या रोगाचे नाव घ्यायलाही माणसे भीत. रोग्याला घरचे टाकून देत. चेक लिफाफ्यातून गुपचूप जातो, त्याला कोणी विचारीत नाही. पण घामाघूम झालेला माणूस गावात शिरला की गाव विचारते, “कोठे निघालात? कशासाठी?” त्याने उत्तर दिले की ज्या नावाची लाज वाटत होती ते नाव चव्हाट्यावर उच्चारले जाते. देह झिजवण्याचे फळ ते हेच. धन रोग्याच्या औषधाला लागते आणि श्रम लोकांच्या मनातल्या भीतीला लागतात. दोन्ही औषधेच.

त्या वाटेवर ब्रॅडली नावाचे खेडे आहे, शंभरसुद्धा धड वस्ती नसलेले. तेथल्या छोट्या शाळेतली मंडळी स्वारांसाठी चुली पेटवून जेवण रांधीत. स्वार पोटभर जेवत आणि पैसे देत. त्यातून मुलांच्या सहली आणि शाळेचे इतर उपक्रम चालत. म्हणजे दानाला निघालेला वाटेतही देऊन गेला आणि वाढणाऱ्याच्या पदरीही काही पडले. खरी यात्रा वाटेवरच्या गावाला ओझे होत नाही, आधार होते.

आता मुख्य गोष्ट ऐका. त्या स्वारांत खुद्द एचआयव्हीची बाधा असलेली माणसेही असत. ती आपल्या सायकलीला नारिंगी पताका लावून उघडपणे चालत. कोणी त्यांना मागे ठेवले नाही, कोणाचे जेवण वेगळे वाढले नाही. शेवटल्या मुक्कामी व्हेंचुराच्या समुद्रकाठी हातात मेणबत्त्या घेऊन सारे गेलेल्यांच्या आठवणीत मौन धरीत.

आणि आपल्याकडे? भारतात हा रोग प्रथम १९८६ साली आढळला. कीर्तनाच्या निमित्ताने मी गावोगाव हिंडतो. नवरा या रोगाने गेला म्हणून बाईचे पान पंगतीपासून दूर मांडलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. लेकराच्या पाण्याचा पेलासुद्धा निराळा. वर हरिनामाचा गजर चालूच! सज्जनहो, चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. तेथे माथा टेकून आलेल्याने पुन्हा पंगतीत शिवाशीव करावी, हे कोणत्या शास्त्रात बसते?

बरे, भीतीला तरी आधार आहे काय? हा रोग शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, पाया पडल्याने किंवा आलिंगन दिल्याने होत नाही. सरकारी दवाखान्यांतून २००४ सालापासून याचे औषध फुकट मिळू लागले. ते नेमाने घेतले तर माणूस वर्षानुवर्षे संसार करतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला लागत नाही. अशा रोग्याला वेगळे वागवू नये असा कायदाही २०१७ साली झाला. पण कायदा पंगतीत येऊन पान मांडीत नाही. ते आपल्यालाच मांडावे लागते.

त्या यात्रेत दोष नव्हता असे नाही. जमलेल्या पैशांतला फार मोठा वाटा व्यवस्थेतच जातो अशी ओरड झाली, तेव्हा २००२ साली रोग्यांची सेवा करणाऱ्या दोन संस्थांनी यात्रा स्वतःच्या हाती घेतली. पुढे खर्च वाढत गेला, स्वार कमी होत गेले आणि २०२५ च्या जून महिन्यात शेवटची यात्रा निघाली. कोणी म्हणेल, “मग व्रत मोडले.” मी म्हणतो, नाही. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखात रिती केली. कावड मोडली काय? ती पोचली! साधनाचा हट्ट धरू नये, साध्य विसरू नये. यात्रा थांबली तरी तहानलेला वाटेवर आहेच. त्याला पाणी पाजणे थांबता कामा नये.

गीतेने सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे की, परतफेडीची आशा न धरता, देणे हे आपले कर्तव्यच आहे म्हणून द्यावे. तेव्हा येत्या वारीला निघताना एवढे करा. आपल्या गावात असा कोणी असेल तर त्याच्या दारी जा. औषध चालू आहे ना, तालुक्याला जायला गाडीभाडे आहे ना, विचारा. नसेल तर दिंडीच्या खर्चातून द्या. तो चालू शकत असेल तर त्याला टाळ देऊन आपल्या शेजारी घ्या. आणि पंगत बसली की त्याचे पान आपल्या पानाला लागून मांडा. एका खेड्यात एक पान असे मांडले गेले, तरी ती वारी पांडुरंगाला पावली असे मी समजेन.

रामकृष्णहरि!