शपथ कोणी घेतली?

बडनेऱ्याजवळच्या लोणीपासून मुर्तिजापूर तालुक्यातल्या मानापर्यंतच्या रस्त्यावर एका लेनच्या हिशेबानं 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला. गिनेस बुकात नोंद झाली, कतारचा विक्रम मोडला. ज्या रस्त्याचं कौतुकच वेगासाठी झालं, त्यावर 'वेग आवरा'चे फलक लावायचे म्हणजे कठीणच. वरुडचा संत्रा घेऊन याच वाटेनं आयशर नेणारा भाचा आणि शाळेत दर जानेवारीत रस्ता सुरक्षेची शपथ देत आलेले निवृत्त मामा यांच्यातलं हे बोलणं.

मामा : फलक आहेत, दंड वाढला, पोट्ट्यांच्या रॅल्या निघतात. तरी गाड्या सुसाटच. मग दोष माणसाचाच ना?

भाचा : फलक एक डाव सांगते, जोरात गेला तं मरशील. रस्ता रोज सांगते, काल गेला तं काय झालं? कोनाचं ऐकू?

मामा : मेलेल्यांचं ऐक.

भाचा : ते सांगाले येत नाईत, मामाजी. ढाब्यावर भेटतात ते सारे वाचलेलेच.

(या उत्तरापुढे कुठलंही घोषवाक्य थिटं पडतं.)

मामा : स्वीडनच्या संसदेनं 1997 मध्ये ठरवलं, माणूस चुकणारच, तरी चुकीपायी जीव जाऊ नये, असा रस्ता बांधा. पटतं मला. पण मग बेफिकीर माणूस नामानिराळाच राहिला की.

भाचा : बेफिकीर कोन, ते तं पाहा. फवारणीचा पंप पाठीवर, कॅन हँडलले लटकवेल, मानूस राँग साईडनं येते. वावर समोर दिसते, अन् डिवायडरचा कट दोन किलोमीटर लांब. त्याले शपथ देऊन काय होते? कट द्या.

मामा : आणि दारू पिऊन येणाऱ्याला?

भाचा : त्याले पोलीस पायजे. शपथ त्यालेही नाई पुरत.

मामा : आपल्या कायद्यानंही 2019 मध्ये रस्ता बांधणाऱ्याला जबाबदार धरलं. चुकीच्या बांधणीनं माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर लाखापर्यंत दंड. ठीक. पण तुझ्या गाडीत 80चा स्पीड गव्हर्नर असायला पाहिजे. त्याची वायर रस्त्यानं काढली?

भाचा : गाडी हातात आली तवाच काढेल होती.

मामा : लावून का नाही घेतलीस?

भाचा : मी एकट्यानं लावली तं संत्रा मंडीत उशिरा पोचते. भाव पडला का मालक दुसरा ड्रायवर पाह्यते. गाड्या तितक्याच जोरात पयतात, फक्त मी घरी बसतो.

मामा : म्हणजे सगळ्यांनी लावली तर तू लावशील. सगळेही हेच म्हणतात, लेका. कोणी तरी आधी लावायला नको?

भाचा : लावतो. पन मालकाले कोनी शपथ देल्ली काय, मामाजी?