नास्तिकाचा प्रश्न आणि आपले उत्तर



आपल्या धर्मग्रामातील बरीच मंडळी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जातात. तेथे जेवणाच्या सुट्टीत पगारवाढ, क्रिकेट आणि निवडणुका यांच्याबरोबर देवाधर्माच्याही गोष्टी निघतात. अशा वेळी एखादा सहकारी असा असतो, की तो देव मानत नाही. खंडेनवमीला सगळे मशीनला हार घालतात तेव्हा तो बाजूला उभा राहतो. वर्तमानपत्रात एखाद्या बुवाची भानगड आली, की तो विचारतो, ‘‘तुमचा देव त्या वेळी काय करत होता?’’ आपल्या तरुणांना त्याचे बोलणे कधी पटते, कधी टोचते, पण उत्तर सुचत नाही. मग काळजीपोटी काही पालक विचारतात, ‘‘फादर, पोरानं असल्या लोकांत बसावं का?’’

माझे उत्तर आहे, बसावे. फक्त बसताना दोन गोष्टी जवळ असाव्यात, ऐकून घेण्याचा धीर आणि खरे बोलण्याची सवय.

आपल्या मराठी मुलखात नास्तिकांनी देवाविषयी उघडपणे बोलण्याची परंपरा जुनी आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी ‘परमेश्वराला रिटायर करा’ असे जाहीरपणे म्हटले, तेव्हा मोठे वादळ उठले. त्यांनी आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्रात ‘विवेकजागराचा वादसंवाद’ हा कार्यक्रम केला. त्यात दोघांचे एकमत नव्हते हे विशेष. देव ही कल्पनाच टाकून द्यावी असे डॉ. लागू म्हणत. दाभोलकर म्हणत, की आमची चळवळ देवाधर्माच्या विरोधात नाही, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाच्या विरोधात आहे. समोर श्रद्धावान माणसेही बसत आणि प्रश्न विचारत. मतभेद होत, तरी माणसे आपल्या पायांनी घरी जात.

पुढे काय झाले ते आपण जाणतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घालून ठार केले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आपल्या कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे पत्नीसह सकाळी फिरून घरी परतत असताना दोघांवर गोळीबार झाला. २० फेब्रुवारीला पानसरे वारले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये डॉ. कलबुर्गी यांना त्यांच्या घरी गोळी घालण्यात आली. हे तिघे एकाच विचाराचे नव्हते. कलबुर्गी तर वचनसाहित्याचे अभ्यासक होते. पण पुणे, कोल्हापूर आणि धारवाड ही तिन्ही गावे एकाच महामार्गावर आहेत, आणि तो आपल्या एमआयडीसीजवळून जातो. तेव्हा हा दूरचा विषय नाही.

आपण म्हणू, की फादर, आम्ही कॅथलिक लोक असे काही करत नाही. गोळी आपण झाडली नाही हे खरे. परंतु प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करावेसे वाटणे हा मोह आपल्यालाही होतो. याचे उदाहरण मुंबईतच घडले आहे.

२०१२ च्या मार्च महिन्यात विलेपार्ल्यातील इर्ला येथे वेलंकणी मातेच्या चर्चजवळील क्रूसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक जमले, प्रार्थना करू लागले, ते पाणी भरून नेऊ लागले. सनल एडामारुकू हे नास्तिक गृहस्थ तेथे गेले. त्यांनी पाहणी करून सांगितले, की जवळच्या स्वच्छतागृहाचे तुंबलेले सांडपाणी भिंतीत मुरत आहे आणि केशाकर्षणाने वर चढून खिळ्याच्या भोकातून बाहेर पडत आहे. दिव्याची वात तेल वर ओढते, तसाच हा प्रकार. नंतर दूरचित्रवाणीवरील चर्चेत त्यांनी ख्रिस्तसभेवर चमत्काराचा बाजार मांडल्याचा आरोप केला. काही कॅथलिक मंडळींनी त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार पोलिसांत केली. भारतीय दंड विधानाचे कलम २९५ अ लावण्यात आले आणि अटकेची शक्यता दिसू लागताच त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले.

बंधुभगिनींनो, या प्रसंगाचे दोन भाग वेगळे करून पाहू या. त्यांचा आरोप आपल्याला लागला असेल, तर त्याला शब्दांनी उत्तर द्यायचा आपल्याला पूर्ण हक्क होता. ख्रिस्तसभेने तो चमत्कार म्हणून जाहीर केलेलाच नव्हता, हे ठणकावून सांगता आले असते. परंतु पाणी कोठून येते हे सांगणे हा अपमान नव्हता. ते दूषित पाणी कोणा आईने आजारी लेकराला पाजू नये म्हणून ते सांगणे गरजेचेच होते. खरे पाहता ते आपणच आधी शोधायला हवे होते.

कारखान्यात काम करणाऱ्यांना हे लवकर पटेल. कास्टिंगला बारीक तडा आहे असे क्वालिटीच्या माणसाने दाखवले, तर त्याला कोणी कंपनीचा शत्रू म्हणत नाही. तो तडा तसाच पुढे गेला असता तर गाडी रस्त्यावर मोडली असती आणि नाव कंपनीचे गेले असते. श्रद्धेतील तडा दाखवणाऱ्यावर मात्र आपण का चिडतो? बहुधा सगळी श्रद्धाच रिजेक्ट होईल अशी भीती आपल्याला वाटत असते. ही भीती देवासाठी नसते, आपल्या स्वतःसाठी असते. देवाला आपल्या वकिलाची गरज नाही.

ख्रिस्तसभेची स्वतःची रीत याहून निराळी आहे. मदर तेरेसा यांना धन्यवादित घोषित करण्यापूर्वी चौकशी सुरू होती, तेव्हा त्यांचे कडवे टीकाकार ख्रिस्तोफर हिचन्स यांना साक्षीसाठी बोलावण्यात आले. हे गृहस्थ जाहीर नास्तिक होते आणि मदरच्या विरोधात त्यांनी पुस्तक लिहिले होते. ख्रिस्तसभेने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, नोंदवले, आणि मग २००३ साली आपला निर्णय दिला. लूर्दचेही असेच आहे. तेथील वैद्यकीय कार्यालयात कोणत्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या डॉक्टरलाही तपासणीत भाग घेता येतो. आजवर बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी आल्या. त्यांतील फक्त सत्तरच्या आसपास घटना चमत्कार म्हणून मान्य झाल्या. आपल्यापैकी कित्येकांपेक्षा ख्रिस्तसभा अधिक चौकस आहे!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक धडा आम्हांला मिळाला, तो आपल्यालाही उपयोगी आहे. तेराव्या शतकातील आपल्या मोठ्या ग्रंथात ‘देव आहे का?’ असा प्रश्न त्यांनी घेतला. उत्तर देण्याआधी देव नाही असे म्हणणाऱ्यांचे दोन मुद्दे त्यांनी मांडले. पहिला असा, की देव अनंत चांगला असेल तर जगात वाईट दिसता कामा नये, पण ते दिसते. दुसरा असा, की जगातील सर्व गोष्टींची कारणे निसर्गात आणि माणसाच्या बुद्धीत सापडतात, मग देवाची गरज काय? आजही कँटीनच्या टेबलावर हेच दोन मुद्दे फिरून येतात. संत थॉमस यांनी ते पडके करून मांडले नाहीत, जोरकसपणे मांडले, आणि मगच आपले म्हणणे सांगितले. समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आपल्याला सांगता येत नसेल, तर त्याला खोडण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मग आपले म्हणणे काय? दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करू. पाणी कसे ठिबकते हे विज्ञान सांगते आणि ते आपण आनंदाने स्वीकारावे. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याला एक आरंभ आहे, हा विचार १९२७ ते १९३१ च्या काळात मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. परंतु त्यांच्या सिद्धांताचा उपयोग कोणी देवाचा पुरावा म्हणून केला, तर ते त्यांना आवडत नसे. प्रयोगशाळेचे काम प्रयोगशाळेत आणि उपासना वेदीसमोर असे ते मानत. विज्ञानाने देव सिद्ध होत नाही हे आपण मान्य करावे, आणि विज्ञानाने देव नाही असेही सिद्ध होत नाही हे नास्तिक मित्राने मान्य करावे. ‘हे कसे घडते’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तरी ‘मुळात काही आहेच का’ आणि ‘मी कोणासाठी जगू’ हे प्रश्न शिल्लक राहतात.

पहिला मुद्दा अधिक अवघड आहे. ठेकेदाराकडे राबणाऱ्या तरुणाची बोटे प्रेसमध्ये जातात तेव्हा देव कोठे असतो? याचे सूत्रासारखे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ आहे त्यांच्यापासून सावध राहावे असे मला वाटते. आपण एवढेच सांगू शकतो, की ज्याला आपण देवपुत्र मानतो त्याच्याही हातांना खिळे ठोकले गेले आणि त्यानेही ‘का?’ असे विचारले. परंतु जो श्रद्धावान त्या तरुणाला नुकसानभरपाई मिळावी म्हणून धावपळ करत नाही, त्याने हे वाक्य उच्चारू नये. कारण ते त्याच्या तोंडी शोभत नाही.

नीतीसाठी देव हवाच असे आपण घाईने म्हणतो. आपल्या शेजारचा जैन समाज जगाचा निर्माता देव मानत नाही, पण मुंगीवरही पाय पडू नये म्हणून जपतो. देव न मानणारे कितीतरी कामगार पुढारी कामगारांसाठी तुरुंगात गेले. मत्तयच्या शुभवर्तमानातील दोन मुलांचा दाखला आठवा. एक ‘जातो’ म्हणाला आणि गेला नाही. दुसरा ‘जाणार नाही’ म्हणाला, पण मळ्यात जाऊन राबला. वडिलांची इच्छा कोणी पाळली, हे प्रभूने ऐकणाऱ्यांनाच विचारले.

आणखी एक गोष्ट विसरू नये. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांनाच रोमन लोक नास्तिक म्हणत, कारण ते सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळत नसत. वृद्ध संत पॉलिकार्प यांच्याविरुद्ध जमावाने हीच ओरड केली होती. चारचौघांच्या पूजेत बाजूला उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांनी रक्त देऊन शिकले आहे. त्या बाजूला उभ्या असलेल्या सहकाऱ्याची आपल्याला ओळख पटली पाहिजे. भावना दुखावल्याच्या कायद्याचा बडगा आज आपण त्याच्यावर उगारला, तर उद्या तोच आपल्या प्रार्थनासभेवर उगारला जाईल. आपण संख्येने किती, हे मी सांगायला नको.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात नास्तिकतेचा विचार केला. तेथे धर्मपित्यांनी एक कटू गोष्ट कबूल केली आहे. श्रद्धेचे अपुरे शिक्षण, चुकीची मांडणी आणि आपले दोषपूर्ण जीवन यांमुळे नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असतो.

म्हणून या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. चमत्काराचा फोटो मोबाईलवर आला, तर खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नये. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, पण प्रार्थनेच्या नावाने कोणाच्या गोळ्या बंद करू नयेत. ते पाप आहे, आणि २०१३ पासून महाराष्ट्रात असलेला जादूटोणाविरोधी कायदा आपल्यालाही लागू आहे. आणि देव न मानणारा सहकारी प्रश्न विचारील तेव्हा त्याला पूर्ण बोलू द्यावे. ठाऊक असेल ते सांगावे, ठाऊक नसेल तेथे ‘ठाऊक नाही’ म्हणावे. संत पेत्रानेही आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असे लिहिताना, ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असे बजावले आहे.

जे सत्य आहे ते देवापासूनच येते. मग ते कोणाच्याही तोंडून येवो, त्याला भिण्याचे आपल्याला कारण नाही. प्रभू आपणा सर्वांना ऐकणारे कान आणि निर्भय मन देवो.

आपला,
धर्मगुरू