रंगमंचाबाहेरची वर्षं

नृत्यरचनाकार चंद्रलेखांच्या ‘शरीर’ (2001) या शेवटच्या रचनेत काही घडतच नाही, अशी तक्रार करणारा प्रेक्षक मला समजू शकतो. रिकामा रंगमंच, एक स्त्री, एक पुरुष आणि गुंदेचा बंधूंचं ध्रुपद, एवढाच ऐवज. तिशानी दोशी आणि शाजी जॉन यांनी ती अनेक वर्षं सादर केली. स्त्रीची हालचाल इतकी सावकाश, की स्नायूंवरचा ताण दिसू लागतो. कथा नाही, दागिने नाहीत, प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली नायिका नाही. सुरुवातीला आपण काहीतरी सुरू होण्याची वाट पाहत राहतो. मग हळूहळू नजरेची जुनी सवय सुटते. समोरचं शरीर आपल्यासाठी मांडलेलं नाही, ते स्वतःच्या कामात गढलेलं आहे, हे कळायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

हा संथपणा आला कुठून? 1928 साली वाड्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात जन्मलेल्या चंद्रलेखा कायद्याचं शिक्षण सोडून मद्रासला गेल्या आणि एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या. 1952 सालचं त्यांचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं सादरीकरण, रायलसीमेच्या दुष्काळनिधीसाठी होतं. यमुनेच्या पाण्यातली क्रीडा दाखवत असतानाच त्यांच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन उभी राहिली. ही आठवण त्यांनी स्वतःच सांगितली आहे. कलेची तयारी परिपूर्ण असेल आणि तिचा भोवतालाशी संबंधच नसेल, तर त्या परिपूर्णतेचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी पुढे कधी सोडला नाही.

1972 सालच्या ‘नवग्रह’ या रचनेनंतर त्या बारा वर्षांच्या आसपास रंगमंचापासून दूर राहिल्या. स्त्री-चळवळीत काम केलं, पोस्टरं केली, लेखन केलं. 1982 साली त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोपही ठेवला गेला. कारकिर्दीचा आढावा घेताना या वर्षांना ‘खंड’ म्हटलं जातं. मला ते साफ चुकीचं वाटतं. 1984 साली मुंबईत एनसीपीएमधल्या पूर्व-पश्चिम नृत्यसंवादात त्या परतल्या, आणि पुढच्याच वर्षी ‘अंगिका’ आली. भरतनाट्यम, योग आणि कलरिपयट्टू ही केरळची युद्धकला एकत्र आणणारी ही रचना केवळ तालमीतून सुचणारी नव्हती. स्त्रीच्या शरीरावर कोणाची सत्ता चालते, हे ज्या माणसाने चळवळीत राहून पाहिलं, त्यालाच नृत्यातली शृंगारिक आर्जवं आणि भक्तीची सजावट इतक्या निर्धाराने बाजूला ठेवता येतात.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. भास्कराचार्यांच्या गणितावरची ‘लीलावती’ (1989), ‘श्री’ (1991), ‘यंत्र’ (1994) ही नावं पाहून कुणी म्हणेल, हे प्राचीनतेचं गौरवगानच की! पण ‘श्री’मधल्या बायका आठवा. पाठीचा कणा वाकलेला, जमिनीलगत सरकणाऱ्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दडपणाने शरीराला दिलेला तो आकार आहे. शेवटी अनेक हातांची स्त्री उभी राहते, तेव्हा ती पूजेसाठी आलेली मूर्ती नसते. त्या वाकलेल्या कण्यातून, तिथल्याच ताकदीने ती ताठ झालेली असते. परंपरेतली प्रतिमा घ्यायची आणि तिला आजच्या बाईच्या बाजूने उभं करायचं, हे गौरवगानाच्या नेमकं उलट काम आहे. ‘फ्यूजन’ हा शिक्काही म्हणूनच अपुरा पडतो. तीन शैलींचे तुकडे जोडण्यापेक्षा त्यांच्या मुळाशी असलेला कणा, श्वास आणि जमिनीवर पेललेलं वजन त्यांना हवं होतं.

चंद्रलेखांचं 2006 साली चेन्नईत निधन झालं. आज मुंबई-पुण्यात, नाशिक-ठाण्यात असंख्य मुली भरतनाट्यम शिकतात. अरंगेत्रमसाठी साड्या, दागिने, निमंत्रणपत्रिका यांवर महिनोन्‌महिने खपतात. त्यांच्या गुरूंना एवढीच विनंती आहे: अडवू, म्हणजे मूलभूत पदन्यास, शिकवता शिकवता या मुलींना वाड्यात जन्मलेल्या या बाईबद्दल सांगा, आणि भर वर्गात मुलींनी अवघड प्रश्न विचारला, तर तो तालमीचाच भाग माना.