निगा कीं नखरा?

तोंड कसें धुवावें हा विषय नीतिशास्त्राच्या कक्षेंत येतो, असें म्हटल्यास पुष्कळ वाचकांस हंसूं येईल. सत्य, अहिंसा, कर्तव्य यांचा खल करणाऱ्या शास्त्रानें साबणाच्या वडीपर्यंत खालीं कशास उतरावें, असें ते विचारतील. परंतु ज्या वयांत मुलगा किंवा मुलगी 'मी कोण' हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारूं लागते, नेमक्या त्याच वयांत कपाळावर व गालांवर पुटकुळ्या उठूं लागतात, आणि तत्त्वज्ञानाच्या त्या जुन्या प्रश्नाचें उत्तर आरसा देऊं लागतो. तेव्हां या वयांत त्वचेची निगा राखण्याची संवय कशी लागावी, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच नीतीचा आहे, असें मला वाटतें.

यासंबंधीं आपल्या घरांतून दोन मतें ऐकूं येतात. एक मत वडीलधाऱ्यांचें. विद्यार्थ्यानें आरशापुढें घटकाभर उभें राहणें हाच मुळीं नखरा. आमच्या वेळीं हीं थेरें नव्हतीं, आणि आमचें कांहीं अडलें नाहीं. दुसरें मत बाजाराचें. निर्दोष चेहरा हा प्रत्येकाचा हक्क असून तो अमुक बाटलींत मिळतो. हीं मतें परस्परांविरुद्ध दिसतात, तरी त्यांच्या बुडाशीं गृहीत एकच आहे. तें हें कीं, चेहरा ही दुसऱ्यानें पाहावयाची वस्तु होय. एक म्हणतें, लोकांनीं पाहावें अशी हांव धरूं नको. दुसरें म्हणतें, लोक पाहणारच, तेव्हां सज्ज राहा. त्वचा हें ज्याचें त्याचें इंद्रिय आहे. प्रौढ माणसाच्या अंगावर तिचा विस्तार सुमारें दीड ते दोन चौरस मीटर भरतो, आणि ऊन, जंतु व आघात यांपासून आंतील देहाचें रक्षण करणें हें तिचें अष्टौप्रहर चाललेलें काम आहे, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या ध्यानांत नसते.

सुश्रुतसंहितेंत या पुटकुळ्यांस 'मुखदूषिका' म्हटलें आहे, सांवरीच्या कांट्यांशीं त्यांची तुलना केली आहे आणि त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. आजचें वैद्यक त्यांची उपपत्ति अशी सांगतें. वयांत येतांना मुलांत व मुलींतहि अँड्रोजेन या वर्गाचीं संप्रेरकें वाढतात. त्यांच्या प्रभावानें त्वचेंतील ग्रंथी अधिक तेल स्रवूं लागतात. केसांच्या मुळाशीं असलेलीं सूक्ष्म छिद्रें तेलानें व मृत पेशींनीं बुजतात. तेथें एरवींहि वस्ती करणारे जंतु वाढतात आणि दाह सुरू होतो. या साखळींत मुलाचा अपराध कोठेंहि नाहीं. तरी "तोंड नीट धूत नाहींस," हा ठपका घरोघरीं ऐकूं येतो. मळ हें या विकाराचें कारण नव्हे. उलट, त्या ठपक्यानें खजील झालेलें मूल दिवसांतून पांच वेळां चेहरा खसखसून घासतें आणि दाह वाढवून घेतें. देहांत घडणाऱ्या गोष्टीवर शीलाचा दोष लादण्याची ही आपली संवय त्या पुटकुळ्यांहून अधिक त्रासदायक आहे.

मग करावें काय? याचें उत्तर थोडें व कंटाळवाणें आहे. दिवसांतून दोन वेळां, आणि खेळून घाम आल्यावर, सौम्य द्रव्यानें तोंड धुवावें. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो आणि नेहमींचा साबण अल्कधर्मी, म्हणून साबणाचा अतिरेक टाळावा. छिद्रें न बुजविणारें हलकें मलम लावावें. उन्हांत जातांना, ज्यास सनस्क्रीन म्हणतात तो लेप, एस. पी. एफ. ३० किंवा अधिक पाहून लावावा. पुटकुळ्या फोडूं नयेत. बेंझॉइल पेरॉक्साइडसारखें औषध सुरू केलें तर गुण दिसण्यास सहा ते आठ आठवडे, कधीं त्याहूनहि अधिक, लागतात हें आधींच समजून असावें. खोल व दुखऱ्या गांठी येत असतील तर मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करूं नये. कारण पुटकुळी जाते, पण तिचा व्रण जन्मभर राहूं शकतो.

सद्गुण उपदेशानें येत नाहींत, ते कृतीच्या संवयीनें अंगीं बाणतात, असें ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत प्रतिपादिलें आहे. सहा-आठ आठवडे फळ न दिसतां एकच साधें कृत्य रोज करीत राहणें, आणि मधल्या काळांत दहा नव्या बाटल्यांचा मोह आवरणें, याहून संयमाचा सुलभ पाठ पंधरा वर्षांच्या मुलास दुसरा कोणता देतां येईल? बाजार तीन दिवसांची भाषा बोलतो. त्वचेचा वरचा थर नवा होण्यास सुमारें चार आठवडे घेतो. यांपैकीं कोणाचें ऐकावयाचें, हें ठरविणें म्हणजेच विवेक.

आतां निगा व नखरा यांची सीमा कोठें आंखावी? वेळ किंवा पैसा यांवरून ती आंखतां येत नाहीं. माझ्या मतें कसोटी ही कीं, ज्या दिवशीं कोणीहि आपणांस पाहणार नाहीं त्या दिवशींहि तें कृत्य आपण करूं काय? आजारी माणूसहि दांत घासतो, तो कोणास दाखविण्यासाठीं नव्हे. या कसोटीस उतरेल ती निगा. यावर कोणी म्हणेल, मग सणासुदीस नटणें हा दोष कीं काय? तसें मुळींच नाहीं. उघडपणें, हौसेनें केलेला शृंगार ही एक क्रीडा आहे, आणि नखऱ्याची भीति आपण उगीच बाळगतों. निगेचा खरा शत्रु नखरा नसून लाज आहे. नटणारा माणूस स्वतःस दाखवीत असतो. लाजलेला स्वतःस लपवीत असतो, आणि लपविण्यासाठीं तो कांहींहि तोंडास फांसण्यास तयार होतो.

याचें उदाहरण दूर शोधावयास नको. 'फेअर अँड लव्हली' या नांवाचें मलम आपल्या देशांत १९७५ सालीं विक्रीस आलें. २०२० सालीं त्याच्या नांवांतील गोरेपणाचा शब्द गळला व तें 'ग्लो अँड लव्हली' झालें. नांव बदललें; विवाहाच्या जाहिरातींतून व हळदीकुंकवाच्या बैठकींतून बोलली जाणारी इच्छा तशीच राहिली. त्याहून वाईट प्रकार औषधांचा. स्टेरॉइड असलेलीं मलमें गोरेपणासाठीं किंवा पुटकुळ्यांसाठीं म्हणून मुली शेजारणीच्या सांगण्यावरून आणतात. प्रथम चेहरा उजळ दिसतो. पुढें त्वचा पातळ व लाल होते, केस उगवतात, आणि मलम थांबवितांच पूर्वींहून अधिक पुटकुळ्या उसळतात, म्हणून तें थांबवितांहि येत नाहीं. अशीं चौदा द्रव्यें चिठ्ठीशिवाय विकतां येऊं नयेत असा नियम सरकारनें २०१८ सालीं केला. पाऱ्याचें तसेंच. दशलक्षांत एका भागाहून अधिक पारा असलेलीं प्रसाधनें बंद करण्यासाठीं २०१३ सालच्या मिनामाता करारानें २०२० सालची मुदत घातली होती. कायदा दुकानापर्यंत पोंचतो. "मुलगी हुशार आहे, पण रंगानें जरा..." हें वाक्य जेथें उच्चारलें जातें, तेथें तो पोंचत नाहीं. ज्या रंगद्रव्याची लाज वाटावयास आपण तिला शिकवितों, तें मेलॅनिन उन्हांतील अतिनील किरणांपासून तिच्या पेशींचें रक्षण करीत असतें, हें तिला शाळेच्या पुस्तकांत वाचावयास मिळतें. घरीं मात्र उलटें ऐकावें लागतें.

लाजेचें दुसरें रूप अलीकडचें आहे. दहा-बारा वर्षांच्या मुली सुरकुत्या घालविणारीं द्रव्यें मागूं लागल्या आहेत. त्यांच्या नाजुक त्वचेस त्यांनीं जळजळ होते. स्वीडनमधील एका मोठ्या औषधविक्रेत्या मंडळीनें २०२४ सालीं पंधरा वर्षांखालील ग्राहकांस अशीं प्रखर प्रसाधनें पालकांच्या संमतीशिवाय न विकण्याचें ठरविलें. जिला अजून तारुण्य आलें नाहीं तिला वार्धक्याचें भय विकणें, यास काय म्हणावें?

मुलग्यांविषयींहि दोन शब्द बोलले पाहिजेत. वर्गांत मागच्या बाकावर गालावर हात ठेवून बसणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षें पाहत आलों आहें. मुलीच्या चेहऱ्याची चर्चा फार होते, मुलाच्या चेहऱ्याची थट्टा होते. दोघांनाहि सरळ सल्ला क्वचित् मिळतो.

आपल्याकडे दिवाळींत आई मुलांस तेल-उटणें लावून न्हाऊं घालते. उटण्याचे जाडे कण पुटकुळ्यांवर घासूं नयेत व चेहऱ्यास तेल चोपडूं नये, हें आजच्या ज्ञानानें त्यांत सुधारलें पाहिजे. परंतु त्या स्नानांतील एक गोष्ट राखण्यासारखी आहे. तेथें मुलाच्या अंगास लागणारा हात मायेचा असतो, आणि तेथें कोणी मुलाची पारख करीत नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलास किंवा मुलीस आपण एवढेंच सांगावें कीं, हें बहुतेकांस होतें, यांत तुझी चूक नाहीं, दोन वेळां तोंड धू, उन्हापासून जप, धीर धर, आणि न बरें झाल्यास आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊं. एवढें सांगून झाल्यावर त्या चेहऱ्याविषयीं बोलणें थांबवावें, आणि मूल काय म्हणतें आहे तें ऐकावें.